रानातली धावपट्टी एकट्याने दुरुस्त करताना: तयारी, कामांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

अमेरिकेत आयडाहो आणि मोंटानाच्या डोंगराळ रानांत गवताच्या आणि मातीच्या काही धावपट्ट्या आजही वापरात आहेत. चेंबरलेन, कोल्ड मेडोज, मूस क्रीक, शेफर मेडोज ही त्यांतली काही नावं. तिथे गाडीरस्ता जात नाही. पायी, घोड्यावर किंवा विमानानेच पोहोचता येतं. त्यांची बरीचशी डागडुजी स्वयंसेवक करतात, आणि कधी कधी एकच माणूस पाठीवर हत्यारं बांधून दोन दिवस चालत जातो.

अशा कामात सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो पोहोचल्या पोहोचल्या कुदळ हातात घेतल्याने. दिसेल ते बीळ बुजवलं जातं, वरून माती पायाने दाबली जाते आणि परत आल्यावर अहवालात 'दुरुस्त' असं लिहिलं जातं. उघडं बीळ निदान पुढच्या पाहणीत कुणाला तरी दिसतं. वरवर बुजवलेल्या बिळाकडे मग कुणीच पाहत नाही, आणि विमानाचं पुढचं चाक नेमकं तिथे खचतं. म्हणून या लेखातला प्रत्येक टप्पा एकाच नियमावर उभा आहे: आधी सगळं पाहा आणि मोजा, आणि संध्याकाळपर्यंत चाक वरून जाईल इतकं पक्कं होणार नसेल ते काम सुरूच करू नका.

## टप्पा १: परवानगी आणि कामाची लेखी यादी

या धावपट्ट्यांपैकी बहुतेक राष्ट्रीय वनांत आहेत आणि त्यांचा ताबा अमेरिकी वन खात्याकडे, म्हणजे फॉरेस्ट सर्व्हिसकडे असतो. काही राज्य सरकारच्या किंवा खाजगी मालकीच्या आहेत. कुणाची पट्टी आहे हे आधी नक्की करा आणि त्या रेंजर कार्यालयाशी स्वयंसेवक करार करून घ्या. हा करार निव्वळ कागदी सोपस्कार नाही. सही केलेला करार असेल तर ठरलेलं काम करताना झालेल्या दुखापतीच्या भरपाईसाठी स्वयंसेवकाला संघराज्य सरकारच्या कर्मचाऱ्यासारखं धरलं जातं. करार नसेल तर तुम्ही सरकारी जमीन विनापरवाना खणणारे एक पाहुणे असता.

पट्टी 'विल्डरनेस' म्हणून घोषित क्षेत्रात असेल तर १९६४ च्या विल्डरनेस कायद्याची बंधनं लागू होतात. आधीपासून चालू असलेली विमानं उतरू शकतात, पण देखभालीसाठी यंत्र चालत नाही. पेट्रोलची करवत नाही, बॅटरीवरची करवत किंवा गवत कापायचं यंत्रही नाही, ड्रोन नाही. चाकाची हातगाडीसुद्धा नाही, कारण तीही यांत्रिक वाहतुकीत मोडते. 'बॅटरीवरचं आहे, आवाज होत नाही' हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे.

कार्यालयाकडून पुढच्या गोष्टी लेखी घ्या:

- कोणकोणती कामं करायची आणि कोणती अजिबात नाहीत.
- भरावाची माती कुठून घ्यायची. पट्टीजवळ जुन्या वस्त्यांचे किंवा मूळनिवासींच्या वावराचे अवशेष असू शकतात. मनाला येईल तिथे खड्डा करता येत नाही.
- बिळांना हात लावायचा का. पश्चिम-मध्य आयडाहोत आढळणारी उत्तर आयडाहो भूखार ही छोटी खारीची जात २००० सालापासून संरक्षित आहे. तिच्या टापूत वापरातलं बीळ बुजवणं हा गुन्हा ठरू शकतो.
- तिथल्या चौकीत किंवा पेटीत कोणती हत्यारं आहेत.
- वैमानिकांसाठीची सूचना, म्हणजे नोटॅम, कोण काढणार आणि केव्हा.

इशारा: धावपट्टी बंद असल्याचा पिवळा 'एक्स' स्वतःच्या मर्जीने मांडू नका. पट्टी बंद करण्याचा अधिकार व्यवस्थापकाचा आहे. तुम्ही उपग्रह संदेशाने त्यांना कळवायचं, निर्णय त्यांनी घ्यायचा.

## टप्पा २: वेळ निवडणं

फार लवकर गेलात तर जमीन चिखलाची असते आणि भराव बसत नाही. फार उशिरा गेलात तर माती विटेसारखी कडक होते आणि गवत इतकं वाढतं की बिळं दिसत नाहीत. बर्फ वितळून दोन-तीन आठवडे झालेले, गवत घोट्याच्या वर गेलेलं नाही, आणि मुठीत दाबलेली माती गोळा धरते, हा काळ सर्वांत चांगला. तो उंचीप्रमाणे बदलतो. चेंबरलेन साधारण १,७५० मीटरवर आहे, तर कोल्ड मेडोज २,१०० मीटरच्याही वर. दोन्हीकडे एकाच तारखेला जमीन सारखी असणार नाही.

याच काळात नद्यांना बर्फाचं पाणी असतं, हे वाट आखताना लक्षात ठेवा. उन्हाळा पुढे सरकला की वणव्यांचे निर्बंध येतात. निघायच्या आदल्या दिवशी ते पुन्हा पाहा, कारण वाट बंद झालेली असू शकते.

## टप्पा ३: सामान आणि वजन

एकट्याने न्यायची हत्यारं, अंदाजे वजनासह:

- पुलास्की (एका बाजूला कुऱ्हाड, दुसऱ्या बाजूला कुदळीसारखं आडवं पातं): २.५ किलो
- आखूड दांड्याचं, टोकदार फावडं: १.८ किलो
- दोन हातांची फांद्या छाटायची कात्री: १.२ किलो
- घडीची हातकरवत, ३० ते ३५ सेंमी पात्याची: ०.४ किलो
- विळा: ०.३ किलो
- पोकळी शोधण्यासाठी पोलादी सळई, १० ते १२ मिमी जाड, ९० सेंमी लांब: ०.६ ते ०.८ किलो
- तारेच्या काडीचे ५० छोटे झेंडे, मोजून घेतलेले: ०.६ किलो
- ३० मीटरची फीत आणि नायलॉनची दोरी: ०.५ किलो
- माती वाहायला कॅनव्हासच्या दोन पिशव्या: ०.५ किलो
- नवा विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) आणि तो बांधायचं साहित्य: १ किलो
- हेल्मेट, गॉगल, जाड हातमोजे: ०.७ किलो

झाले १० किलो. त्यात सात दिवसांचं अन्न साडेपाच किलो, तंबू-अंथरूण-कपडे-स्टोव्ह सात-आठ किलो, दोन लिटर पाणी, प्रथमोपचार आणि उपग्रह संदेशयंत्र धरलं की आकडा २६ वर जातो. ७५ किलोच्या माणसाला इतकं ओझं घेऊन आडव्या पडलेल्या झाडांवरून चढउतार करणं झेपत नाही. २० किलोच्या आत या. सर्वांत सोपा उपाय म्हणजे जड हत्यारं पट्टीवर आधीच असणं: तिथल्या पेटीत असतील तर ती वापरा, किंवा त्या मोसमात उतरणाऱ्या एखाद्या वैमानिकाकरवी व्यवस्थापकाच्या संमतीने आधी पाठवा. अन्न, ऊबदार कपडे किंवा प्रथमोपचार कमी करून वजन उतरवू नका.

प्रथमोपचारात रक्तस्राव थांबवणारा आवळपट्टा आणि दाबपट्टी हवीच. पुलास्की नडगीवर लागली तर मदत यायला कित्येक तास लागतात. अस्वलांसाठीचा मिरचीचा फवारा खांद्याच्या पट्ट्यावर लावा. पिशवीच्या तळाशी ठेवलेला फवारा वेळेला हाती येत नाही. सगळी पाती म्यानात असू द्या, आणि बूट, हत्यारं, पिशव्या निघण्यापूर्वी ब्रशने स्वच्छ करा. खाली चिकटून आलेलं तणाचं बी उघड्या मातीवर पडलं की तुम्हीच पट्टीवर नवं तण पेरून येता.

तपासा: घरी राहणाऱ्या एका माणसाकडे लेखी योजना आहे का? वाट, मुक्काम, रोजच्या संदेशाची वेळ, आणि संदेश चुकल्यास किती तासांनी कुणाला फोन करायचा. 'काही झालं तर कळवेन' ही योजना नव्हे.

## टप्पा ४: चाल

वणव्यात जळालेल्या रानात उभी वाळलेली झाडं वाऱ्याशिवायही पडतात. तिथे जेवायला थांबू नका, आणि तंबू अशा झाडाच्या उंचीच्या किमान दीडपट दूर लावा. आडवी झाडं पडलेल्या वाटेवर ताशी एक-दीड किलोमीटरचा वेग धरून दिवस आखा. सपाट वाटेचा हिशोब इथे लागू पडत नाही.

ओढे पहाटे ओलांडा. दिवसभर वितळलेल्या बर्फाचं पाणी दुपारनंतर आणि संध्याकाळी चढतं. कमरेचा पट्टा सोडा, काठी रोवा, तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला. वेगाचं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर एकट्याने उतरू नका. पुलास्की खांद्यावर टाकून चालू नका. पात्याजवळ धरून, उताराच्या बाजूच्या हातात, म्यानासकट ठेवा, म्हणजे पाय घसरला की ती दूर फेकता येते.

होकायंत्र वापरणार असाल तर मध्य आयडाहोत चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेच्या पूर्वेला १२ ते १४ अंश असते. ती दुरुस्ती घरीच लावून घ्या.

## टप्पा ५: पहिला दिवस फक्त पाहणीचा

तंबू धावपट्टीच्या रेषेत, टोकांकडे किंवा विमानं उभी करायच्या जागी लावू नका. अन्न नियमाप्रमाणे टांगा किंवा अस्वलरोधक डब्यात ठेवा. जुन्या खोलीत उंदरांच्या लेंड्या दिसल्या तर झाडू मारू नका. हंताव्हायरस धुळीतून पसरतो. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं मिश्रण टाकून पाच मिनिटं भिजू द्या आणि मग पुसा.

पाहणी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी करा. कलत्या उन्हात दोन बोटांचा खड्डाही सावली टाकतो. भर दुपारी तोच खड्डा गायब होतो.

१. लांबी आणि रुंदी फितीने मोजा. वापरातल्या भागाची आणि मोकळ्या भागाची रुंदी वेगवेगळी लिहा.

२. दोन-दोन मीटरच्या पट्ट्या कल्पून टोकापासून टोकापर्यंत चाला. २० मीटर रुंद, ९०० मीटर लांब धावपट्टीवर या दहा फेऱ्या होतात, म्हणजे नऊ किलोमीटर. चार-पाच तास लागतात, आणि ते द्यायलाच हवेत. फक्त मधून एक चक्कर मारणं ही पाहणी नव्हे.

३. दिसलेल्या प्रत्येक दोषाजवळ झेंडा लावा आणि वहीत नोंद करा: कोणत्या टोकापासून किती मीटर, मध्यरेषेच्या कोणत्या बाजूला किती, काय आहे, किती खोल.

४. खोलगट जागी तीन मीटर दोरी जमिनीलगत ताणा आणि मध्ये खोली मोजा. पाच सेंमीपेक्षा जास्त आणि कडा तुटलेली असेल तर दुरुस्ती हवी. त्याच खोलीचा पण सावकाश उतरणारा खळगा फक्त नोंदवा.

५. दोन्ही टोकांना जमिनीलगत बसून, फोनमधल्या कोनमापकाने समोरच्या झाडांच्या शेंड्याचा कोन घ्या. लहान विमानांच्या दृश्य उड्डाणासाठी अमेरिकेतला नेहमीचा दाखला १:२० उताराचा आहे, म्हणजे तीन अंशांपेक्षा किंचित कमी. टोकापासून १०० मीटरवरचं झाड पाच मीटरपेक्षा उंच असेल तर ते या रेषेत घुसतं. डोंगरातल्या कित्येक पट्ट्या या मापात बसत नाहीत. तरीही आकडा लिहा, कारण झाडं दरवर्षी किती वाढली हे त्यावरूनच कळतं.

मग काम कोणत्या क्रमाने करायचं ते ठरवा. विमानं जिथे टेकतात तो भाग आणि मधला आठ मीटर रुंद पट्टा सर्वांत आधी. उताराच्या पट्टीवर विमानं बहुधा चढाकडे तोंड करून उतरतात, म्हणून टेकण्याची जागा खालच्या टोकाकडे असते. मग उरलेली लांबी, आणि कडा सगळ्यांत शेवटी. कडेची झुडपं डोळ्यांत भरतात आणि कापली की काम झाल्यासारखं वाटतं. म्हणूनच लोक तिथून सुरुवात करतात आणि मधलं बीळ राहून जातं.

इशारा, विमान आलं तर: सगळी हत्यारं पहिल्यापासून एकाच बाजूला, कडेबाहेर ठेवायची. हातात असेल तेवढंच पट्टीवर. इंजिनाचा आवाज आला की हत्यारासकट त्याच बाजूला निघा आणि इंजिन बंद होईपर्यंत तिथेच थांबा. भडक रंगाचं जाकीट घाला. विमानी रेडिओ ऐकण्यापुरता जवळ ठेवा. या भागातल्या अनेक पट्ट्यांवर १२२.९ ही वारंवारता चालते, पण आपल्या पट्टीची आधी विचारून घ्या. जमिनीवरून बोलायला वेगळा परवाना लागतो. एखादा खड्डा त्या क्षणी उघडा असेल तर हातवारे करून वैमानिकाला गोंधळात टाकण्यापेक्षा तो कधीच अर्धवट उघडा न ठेवणं हाच खरा उपाय.

## टप्पा ६: बिळं बुजवणं

या टप्प्याला घाई चालत नाही. आधी हिशोब पाहा. ३० सेंमी रुंद आणि ४० सेंमी खोल बिळाला २८ लिटर पक्की माती लागते. सुटी माती दाबली की बसते, म्हणून ३५ लिटरच्या आसपास आणावी लागते, आणि तिचं वजन ४५ किलोपर्यंत जातं. खणणं, पिशवीतून वाहणं, थर चोपणं धरून एका बिळाला पाऊण तास सहज जातो. दिवसाला आठ-दहा बिळं म्हणजे चांगलं काम. यादीत ३० असतील आणि हातात दोनच दिवस असतील तर कोणती १६ करायची हे आदल्या रात्री ठरवा.

१. बोगद्याची दिशा शोधा. बीळ सरळ खाली जात नाही, तिरकं जातं. तोंडाभोवती वर्तुळात, दर १५ सेंमीवर सळई टोचा. सळई अचानक मोकळी आत गेली की तिथे पोकळी. तिचा माग किमान एक मीटर घ्या.

२. वरचं गवत जपून काढा. पुलास्कीच्या आडव्या पात्याने पाच-सात सेंमी जाडीचे गवताचे चौकोन कापून सावलीत ठेवा, मुळांची बाजू खाली.

३. छत पाडा. पोकळीवरची माती खणून बोगदा उघडा करा. सर्वांत मोठी चूक इथे होते: फक्त तोंड भरलं जातं आणि आतलं छत तसंच राहतं. वरून सगळं घट्ट दिसतं, माणसाच्या वजनाने हलत नाही, पण चाक आलं की छत बसतं.

४. मातीची परीक्षा. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून टाका. दोन-तीन तुकडे झाले तर ओल बरोबर. भुगा झाला तर पाणी शिंपडा. चपटा होऊन चिकटला तर पसरून वाळवा. कोरडी माती कितीही चोपली तरी पहिल्या पावसात खाली बसते.

५. थर लावा. एका वेळी आठ-दहा सेंमी, त्याहून जाड नाही. तळाला मोठे दगड टाकून जागा भरायचा मोह होतो, तो टाळा. दगडांमध्ये पोकळी राहते आणि हिवाळ्यात गोठणारी जमीन त्यांना वर ढकलते.

६. धुमसाने चोपा. धुमस जवळच तयार करता येतो: आधीच पडलेल्या, वाळलेल्या पण न कुजलेल्या झाडाचा १२ सेंमी जाड आणि सव्वा मीटर लांब तुकडा, सपाट कापलेला. वजन सहा किलोच्या आसपास भरतं आणि ते पुरतं. प्रत्येक थराला २५ ते ३० ठोके, कडेपासून मध्याकडे. आवाज 'भद्द'चा 'टण्ण' झाला आणि धुमस उसळू लागला की पुढचा थर.

७. वर उंचवटा ठेवा. शेवटचा थर आणि गवताचे चौकोन मिळून आजूबाजूपेक्षा दोन-तीन सेंमी वर. चौकोनांवर लिटर-दोन लिटर पाणी घाला आणि पुन्हा हलके चोपा.

तपासा: एका टाचेवर पूर्ण वजन टाकून भरावावर उभे राहा. खूण एक सेंमीपेक्षा खोल उमटली तर वरचे दोन थर काढून पुन्हा करा. ही परीक्षा उपयोगी आहे, कारण ७० किलोच्या माणसाच्या टाचेखालचा दाब लहान विमानाच्या टायरच्या दाबाच्या जवळपास, चौरस सेंमीला दोन-अडीच किलो, येतो. पण चाकावर कित्येक पट वजन असतं आणि त्याचा भार जमिनीत खूप खोल पोहोचतो. म्हणजे टाच फक्त वरचा थर तपासते. खालची पोकळी सळईनेच कळते, म्हणून शेवटी भरावाच्या कडेबाहेर पुन्हा एकदा सळई टोचून पाहा.

पाती चालवायचं काम दुपारपर्यंत उरकून घ्या. थकलेल्या हातांना चोपणं, माती वाहणं, नोंदी करणं द्या. आणि मोकळ्या कुरणात तुम्हीच सर्वांत उंच आहात: वीज चमकल्यापासून गडगडाट ३० सेकंदांच्या आत आला तर हत्यारं खाली ठेवून सखल, सारख्या उंचीच्या झाडीत जा.

## टप्पा ७: दगड, चाकोऱ्या आणि पाणी

मधल्या पट्ट्यातला सुटा दगड प्रोपेलर खेचून घेतो आणि शेपटीवर फेकतो. असे दगड वेचून पट्टीबाहेर टाका, कडेला रास करू नका. जमिनीतून तीन सेंमीपेक्षा वर आलेला रुतलेला दगड काढायचाच, पण त्याने पडलेला खड्डा टप्पा ६ प्रमाणेच भरायचा. सॅमन नदीच्या खोऱ्यातल्या कमी उंचीच्या पट्ट्यांवर रॅटलस्नेक असतात. दगड आधी सळईने हलवा, हात नंतर.

पाण्याने पडलेल्या चरांत लोक आधी माती भरतात, आणि पुढच्या सरीत ती वाहून जाते. आधी चढाच्या बाजूची कडेची नाली वरपासून खालपर्यंत मोकळी करा, पाणी पट्टीबाहेर पडेल अशी तोंडं साफ करा, आणि मगच चर भरा. पायवाटेवर करतात तसा आडवा बांध किंवा चर धावपट्टीवर कधीही काढू नका. पाण्याला तो अडवील, पण चाकाला तोच उंबरठा होतो.

## टप्पा ८: गवत, रोपटी आणि टोकांकडची झाडं

उंच गवत विमानाला ओढून धरतं. सेसना १७२ एसच्या पुस्तिकेत कोरड्या गवतावर उड्डाणाची जमिनीवरची धाव १५ टक्क्यांनी आणि उतरतानाची ४५ टक्क्यांनी वाढवायला सांगितलं आहे. तरी सगळी पट्टी एकट्याने कापायच्या फंदात पडू नका. ९०० गुणिले २० मीटर म्हणजे १.८ हेक्टर. लांब दांड्याचा मोठा विळा चालवणारा कसलेला माणूस दिवसाला ०.४ हेक्टरच्या आसपास कापतो. तुम्ही फक्त कडेच्या खुणांभोवती, विंडसॉकखाली आणि दुरुस्त केलेल्या जागांभोवती कापा.

पट्टीवर उगवलेली पाइन आणि फरची रोपटी गुडघ्याखाली असतील तर पावसानंतर मुळासकट उपटा. मोठी असतील तर जमिनीखाली पाच सेंमी तोडा आणि वर माती चोपा. तिरका, टोकदार खुंट टायर फाडतो, आणि गवतात तो दिसत नाही. खालची हिरवी फांदी शिल्लक ठेवून वरचा शेंडा छाटला तर झाड जगतं, पुन्हा वाढतं. ॲस्पेनचं उलट: जितकं तोडाल तितके मुळांपासून फुटवे येतात. त्याच्याबद्दल व्यवस्थापकाला विचारल्याशिवाय हात लावू नका.

इशारा: उभं झाड एकट्याने पाडायचं नाही. फॉरेस्ट सर्व्हिसच्या जमिनीवर दोन मुठींची मोठी करवत चालवायलाही प्रमाणपत्र लागतं. टोकांकडची झाडं हे प्रशिक्षित टोळीचं काम आहे. तुमचं काम त्यांचा कोन, अंतर आणि फोटो देणं.

## टप्पा ९: विंडसॉक आणि कडेच्या खुणा

जुना विंडसॉक उतरवण्यापूर्वी खांब हलवून पाहा. बिजागरीचा खांब असेल तर वरच्या बाजूला दोरी बांधून, दोरीचा एक वेढा जवळच्या भक्कम झाडाला देऊन सावकाश खाली आणा. नुसत्या खांद्यावर झेलू नका. न वाकणाऱ्या उंच खांबावर एकट्याने चढायचं नाही.

लहान मापाचा विंडसॉक ८ फूट लांब आणि तोंडाशी १८ इंच व्यासाचा असतो. घरीच जुन्या चौकटीचं माप मागवून घ्या. दोन दिवस चालल्यावर माप चुकल्याचं कळून उपयोग नाही. कडं बोटाने फिरवा: अडखळत असेल तर घाण काढा, थोडं ग्रीस लावा. कापड न गंजणाऱ्या तारेने बांधा. प्लास्टिकच्या पट्ट्या उन्हात तडकतात. चांगला विंडसॉक ३ नॉट वाऱ्यात दिशा दाखवतो आणि १५ नॉटमध्ये पूर्ण ताणला जातो. मंद झुळकीत तो खांबाला अडकून राहत असेल तर काम झालेलं नाही. आसपासच्या फांद्या त्याला वाऱ्यापासून झाकत नाहीत ना, हेही पाहा.

कडेच्या सरकलेल्या खुणा दोरी ताणून सरळ रेषेत आणा. नवी खूण, नवा रंग, नवा दगड जोडू नका.

## टप्पा १०: शेवटची फेरी आणि अहवाल

निघायच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा दोन-दोन मीटरच्या फेऱ्या मारा. झेंडे गोळा करून मोजा. ५० आणले होते तर ५० हातात हवेत. तारेची काडी प्रोपेलरमध्ये किंवा टायरमध्ये गेली तर आधीच्या बिळापेक्षा मोठं नुकसान होतं. एक कमी असेल तर तो सापडेपर्यंत फेरी चालू. धुमस रानात परत टाका, मातीच्या खड्ड्याच्या कडा उतरत्या करून वर पडलेली पानं पसरा, बूट आणि हत्यारं पुन्हा ब्रशने साफ करा.

अहवाल तिथेच, वही समोर ठेवून लिहा. घरी आल्यावर अंतरांची सरमिसळ होते. त्यात चार भाग हवेत:

- पूर्ण दुरुस्त केलेलं, प्रत्येकाचं टोकापासूनचं अंतर, आधीचा आणि नंतरचा फोटो.
- पाहिलं पण हात न लावलेलं, आणि का.
- टोळी, घोडे किंवा प्रमाणित करवतवाले लागतील असं काम.
- नवे भराव कोणत्या तारखेचे आहेत आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर कुणी तपासायला हवेत.

दुसऱ्या भागातला एखादा दोष मधल्या आठ मीटरमध्ये असेल तर अहवालाची वाट पाहू नका. त्याच संध्याकाळी उपग्रह संदेशाने व्यवस्थापकाला अंतर, बाजू आणि खोली कळवा, म्हणजे दोन दिवस चालून तुम्ही गाडीपर्यंत पोहोचण्याआधी वैमानिकांना सूचना गेलेली असेल.